फोनमधली उघडी खाती

इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावातील एक सकाळ डोळ्यांपुढे आणावी. पेढीचे थोरले मालक, ज्यांना घरात आणि बाजारातही सारे अण्णा म्हणतात, गादीवर बसून सुताच्या दलालाशी फोनवर बोलत आहेत. भाव ठरत आला आहे. त्याच वेळी त्यांचा मुलगा बाहेरगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला स्टँडवरून गाडीत घेऊन पेढीच्या दारात येतो. गाडी थांबते, इंजिन अजून चालू आहे, आणि एकाएकी गाडीतल्या स्पीकरमधून दलालाचा खणखणीत आवाज घुमू लागतो. आत अण्णा "हॅलो, हॅलो" करीत बसतात. त्यांच्या कानाशी धरलेल्या फोनमधून काहीच ऐकू येत नाही. बाहेर गाडीत मात्र मागच्या खरेदीचा भाव, उधारीची मुदत आणि कोणत्या पार्टीकडे पैसे अडकले आहेत, हे सारे पाहुण्याच्या कानावर पडते. मुलगा घाईघाईने दिसेल ते बटण दाबतो, तोवर अर्धे मिनिट निघून गेलेले असते.

"अण्णा, तुमचा फोन गाडीला लागला होता!" मुलगा आत येऊन दबक्या आवाजात सांगतो.

"मी कुठं लावला? मी हितनं उठलोसुद्धा नाही."

पाहुणा सभ्य असतो. त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केलेले असते. पण दुपारी कापडाचा सौदा बोलताना तो जी सूट मागतो, ती अण्णांच्या नफ्याच्या कडेला इतकी नेमकी येऊन थांबते की बापलेक एकमेकांकडे पाहतात.

दोघांचेही म्हणणे खरे होते. वर्षापूर्वी मिरजेच्या एका लग्नाला जाताना मुलाच्या फोनची बॅटरी संपली, म्हणून अण्णांचा फोन गाडीला जोडला गेला होता. ते काम त्याच दिवशी संपले, जोडणी राहिली. त्या सकाळी मुलाच्या फोनचे ब्लूटूथ बंद होते. गाडीने आपल्या ओळखीचा दुसरा फोन शोधला, तो भिंतीपलीकडे सात-आठ मीटरवर सापडला, आणि चालू असलेले बोलणे तिने आपल्याकडे ओढून घेतले. अण्णांच्या परवानगीची तिला गरजच नव्हती, कारण परवानगी वर्षापूर्वीच देऊन झाली होती.

व्यापारी घराला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. चोपडीत एखाद्या पार्टीचे खाते उघडले, एकदाच व्यवहार झाला, पुढे दोन वर्षे काही देणे-घेणे नाही, म्हणून ते खाते आपोआप बंद होत नाही. कोणीतरी ते पाहून, मिळवून, बंद करावे लागते. फोनमधील ब्लूटूथच्या जोडण्या अशीच उघडी खाती आहेत, आणि बहुतेक घरांत ती कधीच कोणी तपासलेली नसतात.

ओळख कशी पटते

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या टोपणनावावरून आले. वेगवेगळ्या डॅनिश टोळ्यांना त्याने एका राज्यात आणले, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जोडणाऱ्या तंत्राला इंटेल कंपनीतील अभियंता जिम कार्डाक याने हे नाव सुचवले. एरिक्सन, इंटेल, नोकिया, तोशिबा आणि आयबीएम या पाच कंपन्यांनी १९९८ मध्ये त्यासाठी एकत्रित संघटना स्थापन केली. फोनवर दिसणारे ब्लूटूथचे चिन्हही त्या राजाच्या नावातील दोन आद्याक्षरांच्या प्राचीन लिपीतील आकृत्या एकत्र गुंफून तयार झाले आहे.

हे सारे रेडिओलहरींवर चालते. त्यांची कंपनसंख्या सुमारे २.४ गिगाहर्ट्झ असते, आणि नेहमीच्या ब्लूटूथमध्ये फोन व जोडलेले यंत्र ७९ वाहिन्यांवर दर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत बोलतात. फोनचा पल्ला साधारण १० मीटरच्या आसपास धरतात. उघड्यावर तो वाढतो, जाड भिंतीत घटतो. पेढी, मागची खोली, वरचा मजला आणि दारातली गाडी या पल्ल्यात सहज येतात, हे ध्यानात ठेवावे. वाड्याच्या जुन्या रचनेत घर आणि दुकान एकाच भिंतीला पाठ लावून असतात. तेथे कोणाचा फोन कोणत्या यंत्राला सापडेल याचा नेम नसतो.

दोन यंत्रे प्रथम जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात. ते सारखे आहेत का हे पाहून मान्यता द्यावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात शंभरातले किती जण आकडे वाचतात हा प्रश्न विचारू नये. इअरफोनसारख्या पडदा नसलेल्या यंत्राला तर तेवढाही उपचार नसतो. मान्यता मिळाली की दोन्ही यंत्रे मिळून १२८ बिटांची एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघेही आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या भेटीत विचारणा होत नाही. किल्ली जुळली की दार उघडते.

ब्लूटूथ बंद केल्याने ही किल्ली पुसली जात नाही. फोन बंद करून चालू केल्याने, विमानासाठीचा मोड लावल्याने किंवा नवे अपडेट बसवल्यानेही नाही. रात्री ब्लूटूथ बंद करून निश्चिंत झोपणाऱ्यांची यादी सकाळी जशीच्या तशी असते.

यादीत काय काय निघते

एखाद्या व्यापारी कुटुंबातील फोनची यादी उघडून पाहिली तर तिच्यात घराचा निम्मा इतिहास सापडतो. आधीची गाडी, जी विकून झाली. आताची गाडी. गोव्याच्या सहलीत भाड्याने घेतलेली गाडी, जिचे नाव अजून ठळक दिसते. भाच्याला दिलेले इअरफोन. लग्नाच्या हॉलमधला स्पीकर, ज्यावर कोणीतरी हळदीची गाणी लावली होती. काउंटरवरचा बिलाचा छोटा प्रिंटर, दोन इंची किंवा तीन इंची कागदाचा. सराफी पेढी असेल तर वजनाचा काटा. कार्डाचे यंत्र. हातातले घड्याळ. थोरल्यांचे श्रवणयंत्र. आणि ज्यांची नावे म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरे व आकडे अशी दोन-चार, ज्यांच्याविषयी घरात कोणालाच काही सांगता येत नाही.

यांतील प्रत्येक नोंद घातक असते असे नाही. हॉलमधला स्पीकर पुन्हा कधी भेटणार नाही. त्रास देतात ती जवळपास वावरणारी यंत्रे. भाच्याकडे गेलेले इअरफोन तो वरच्या मजल्यावर डबीतून काढतो आणि खाली काउंटरवर आलेला फोन त्याच्या कानात बोलू लागतो. बिलाच्या प्रिंटरची गोष्ट आणखी निराळी. असे बहुतेक लहान प्रिंटर एका वेळी एकाच फोनशी बोलतात. बिलाचे अॅप उघडे असलेला दुसरा फोन, एखादा जुना, गल्ल्याच्या खणात पडलेला, त्याला आधीच धरून बसला असेल, तर ऐन दिवाळीच्या गर्दीत काउंटरवरच्या फोनवरून बिल निघत नाही. मग प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते.

खाते बंद करण्याची रीत

अँड्रॉइड फोनमध्ये 'सेटिंग्ज' उघडावे. तेथे 'कनेक्टेड डिव्हाइसेस' हा विभाग असतो. त्यात आताची यंत्रे वर आणि पूर्वी जोडलेली खाली दिसतात. सगळी पाहण्यासाठी 'सी ऑल' दाबावे लागते, आणि पुष्कळांची तपासणी येथेच अपुरी राहते, कारण पहिल्या पडद्यावर तीन-चारच नावे असतात. ज्या नावाला काढायचे त्याच्या शेजारी दंतचक्राचे चिन्ह आहे. ते दाबले की 'फर्गेट' असे बटण येते. पुन्हा एकदा खातरजमा विचारली जाते, आणि किल्ली पुसली जाते. सॅमसंगच्या फोनमध्ये 'कनेक्शन्स'खाली 'ब्लूटूथ'मध्ये जावे लागते आणि बटणाचे नाव 'अनपेअर' असते. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये दंतचक्राऐवजी बाण किंवा लहान वर्तुळ दिसेल. फोनची भाषा मराठी असेल तर याच अर्थाचे मराठी शब्द येतील. यंत्र त्या वेळी जवळ वा चालू असण्याची काही आवश्यकता नाही. विकलेल्या गाडीचे नावही घरबसल्या काढता येते.

त्याच दंतचक्राच्या आत आणखी एक सोय आहे, जी फारशी कोणी पाहत नाही. प्रत्येक यंत्राला कशाकशाची मुभा आहे याची बटणे तेथे असतात: फोनचे बोलणे, गाणी, आणि गाडी असेल तर संपर्कांची यादी व कॉलची नोंद. अण्णांना प्रवासात गाडीवर स्तवने ऐकायची असतील तर गाण्यांचे बटण चालू ठेवून बोलण्याचे आणि संपर्कांचे बंद करता येते. मग गाडी दारात येऊन उभी राहिली तरी दलालाचा आवाज गादीवरच राहतो. खाते बंद करण्याऐवजी त्याची उधारीची मर्यादा कमी करावी, तसे हे आहे. रोज लागणाऱ्या यंत्रासाठी हाच मार्ग बरा.

ज्यांची नावे ओळखू येत नाहीत, त्यांच्याबाबत उतावीळ होऊ नये. घरातील यंत्रे एकेक करून चालू करावीत आणि यादीत कोणत्या नावाखाली 'कनेक्टेड' असे उमटते ते पाहावे. ओळख पटली की त्याच दंतचक्रातील पेन्सिलीच्या चिन्हाने त्याला साधे नाव द्यावे: काउंटरचा प्रिंटर, काकांचे घड्याळ, पांढरी गाडी. पुढच्या वेळची निम्मी मेहनत वाचते.

दुसऱ्या बाजूची चोपडी

येथपर्यंतचे काम पुष्कळ जण करतात आणि तेथेच थांबतात. वस्तुतः किल्ली दोन्ही बाजूंना असते. फोनने ती पुसली तरी गाडीने पुसलेली नसते. त्या किल्लीने गाडीला आता फोन उघडता येणार नाही, हे खरे; परंतु किल्लीबरोबर गाडीने आणखीही काही घेतलेले असू शकते. संपर्कांची मुभा दिली असेल, तर गाडी फोनमधील नावे व क्रमांक आणि अलीकडच्या कॉलची यादी आपल्याकडे उतरवून घेते. काही गाड्या फोन दूर जाताच ती दाखवणे थांबवतात, काही ती स्मृतीत ठेवतात. शिवाय जोडलेल्या फोनची नावे गाडीच्या पडद्यावर राहतातच.

व्यापारात नावांची यादी म्हणजे काय, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. माल कोणाकडून येतो, कोणाला जातो, मधला दलाल कोण, वसुलीसाठी कोणाला फोन करावा लागतो, हे सारे त्या यादीत असते. पुष्कळ जण नावापुढेच खूण लिहून ठेवतात: 'सूत', 'जॉबवर्क', 'उधारी बंद'. अशी यादी गाडीबरोबर नव्या मालकाच्या अंगणात जाऊन उभी राहते. भाड्याच्या गाड्यांबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्येच ग्राहकांना सावध केले होते: फोन जोडताना कशाची मुभा देतो ते पाहावे आणि गाडी परत करण्याआधी आपली नोंद तिच्यातून काढावी. आपल्याकडे गाडी विकताना आरसी, विमा, फास्टॅग, डिकीतली छत्री, सारे आठवते. गाडीच्या पडद्यावरील सेटिंगमध्ये जाऊन सगळे फोन काढणे, किंवा त्याहून चांगले म्हणजे पडद्याची यंत्रणा कारखान्यातून आली त्या स्थितीत परत नेणे, हे त्या यादीत क्वचितच असते. फोनवरील नकाशे व कॉल गाडीच्या पडद्यावर दाखवणाऱ्या अँड्रॉइड ऑटोची गाड्यांची यादी फोनमध्ये वेगळी असते, तीही पाहावी.

फोन नोकराला वा नातवाला देतानाही तोच विचार. त्या फोनमध्ये पेढीच्या प्रिंटरच्या, गाडीच्या, घड्याळाच्या किल्ल्या तशाच असतात. 'फॅक्टरी रीसेट' केल्यावर त्या जातात. नुसते सिम काढून घेतल्याने जात नाहीत.

आणखी दोन जागा राहतात. गूगलने २०१७ मध्ये इअरफोन झटपट जोडण्यासाठी 'फास्ट पेअर' आणले. त्या रीतीने जोडलेले यंत्र फोनबरोबरच गूगल खात्यातही नोंदले जाऊ शकते. त्यामुळे फोनमधून नाव काढल्यावर 'सेटिंग्ज'मधील 'गूगल' विभागात 'सेव्ह्ड डिव्हाइसेस' पाहून घ्यावे. एकच खाते घरातील तीन फोनवर चालत असेल तर विशेषच. दुसरी जागा अधिक महत्त्वाची. 'स्मार्ट लॉक', अलीकडचे नाव 'एक्स्टेंड अनलॉक', या सोयीत एखादे ब्लूटूथ यंत्र विश्वासू म्हणून ठरवता येते. ते जवळ असेपर्यंत एकदा उघडलेला फोन काही तास पुन्हा पिन विचारीत नाही. गाडी चालवताना हे सोयीचे वाटते. पण विश्वासू ठरवलेला स्पीकर जर पेढीच्या फडताळावर कायम चालू असेल, तर गादीवर ठेवलेला फोन जेवणाच्या सुटीत कोणाच्याही हाताला उघडा असतो. बँकेच्या अॅपला वेगळा पिन असतो. व्हॉट्सअॅपवरील दरपत्रकांना बहुधा नसतो.

सरसकट साफसफाई नको

यादी लांबलचक निघाली की एकदम सारे पुसून टाकण्याचा मोह होतो. 'रीसेट ऑप्शन्स'मध्ये तशी सोय आहे. पण तिच्याने वाय-फायचे जपलेले पासवर्डही जातात, आणि प्रत्येक उपयोगी यंत्र नव्याने जोडावे लागते. घड्याळाला त्याच्या अॅपमधून पुन्हा मांडणी करावी लागते आणि काही घड्याळे त्यासाठी स्वतःच कोरी होतात. सर्वांत जपायचे ते श्रवणयंत्र. थोरल्यांना ते ऐकू येण्याचे साधन आहे. त्याची जोडणी चुकून काढली आणि पुन्हा जोडणे जमले नाही, तर ते यंत्र देणाऱ्या तज्ज्ञाकडे फेरी पडेपर्यंत फोनचे बोलणे बंद. कॅलेंडरकडे बोट दाखवून तिथीचा विषय सांगता येतो, आजारपण मात्र फोनवर खुणांनी सांगता येत नाही. त्या नावाला आधी ओळखून, नाव बदलून, बाजूला ठेवावे.

काढलेले यंत्र पुन्हा जोडताना एक अडचण हमखास येते. फोन नव्याने हात पुढे करतो. यंत्राकडे जुनी किल्ली असते. दोघांचे जुळत नाही आणि 'पेअर होऊ शकत नाही' एवढाच निरोप येतो. अशा वेळी यंत्राच्या बाजूनेही जुनी नोंद पुसावी लागते. इअरफोनमध्ये बटण काही सेकंद दाबून, गाडीत पडद्यावरून, आणि प्रिंटरमध्ये बहुधा बंद करून पुन्हा चालू केल्यावर काम होते. प्रिंटरने पिन मागितलाच तर ०००० किंवा १२३४ हे दोन आधी घालून पाहावेत.

जोडण्या पुसल्या म्हणजे फोन सर्वांगाने सुरक्षित झाला, असेही कोणी समजू नये. सप्टेंबर २०१७ मध्ये आर्मिस या कंपनीने ब्लूटूथमधील 'ब्लूबोर्न' नावाने ओळखले जाणारे दोष उघड केले, तेव्हा त्यांना जोडणीची गरजच नव्हती. ब्लूटूथ चालू असणे पुरे होते. त्यावरचा उपाय कंपनीकडून येणारे अपडेट हाच होता. ज्या फोनला अपडेट येणे थांबले आहे, त्याची यादी कितीही स्वच्छ असली तरी तो काउंटरवर ठेवू नये.

आता पुन्हा इचलकरंजीच्या त्या पेढीवर. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर नात अण्णांच्या शेजारी बसून त्यांच्या फोनमधील नावे वाचून दाखवते. सतरा निघतात. प्रिंटर, श्रवणयंत्र आणि घड्याळ ठेवायचे ठरते. दारातल्या गाडीचे बोलण्याचे आणि संपर्कांचे बटण बंद होते. भाड्याची गाडी जाते, हॉलचा स्पीकर जातो, धाकट्या भाच्याचे इअरफोन जातात. तीन नावे कोणाचीच ओळखू येत नाहीत. घरातली सारी यंत्रे चालू करून पाहिल्यावर तीही जातात. शेवटी उरते ते दोन वर्षांपूर्वी निपाणीच्या एका गृहस्थांना विकलेल्या गाडीचे नाव.

"हे काढू ना आजोबा?"

"काढ. पण थांब, त्यांच्याकडं पण असेल की आपलं."

मुलगा फोन लावतो. पलीकडचे गृहस्थ गाडीपाशीच असतात. पडद्यावर कुठे जायचे ते त्यांना सांगावे लागते. दोनदा ते रेडिओवरच पोहोचतात. मग एकेक नाव वाचू लागतात. त्यांचा स्वतःचा फोन, त्यांच्या मुलाचा, आणि खाली तीन अनोळखी. एक अण्णांचा, एक मुलाचा. तिसऱ्या नावावर मुलगा क्षणभर थांबतो. तो फोन पेढी सोडून गेलेल्या दिवाणजींचा असतो.

"यातला कुठला पुसू?" निपाणीहून विचारणा होते.

"तिन्ही पुसा," अण्णा गादीवरून मोठ्याने सांगतात.